माती बसेपर्यंत

आमच्यात कबरीवर दगड लगेच बसवत नाहीत. खड्डा बुजवल्यावर वर मातीचा उंचवटा राहतो आणि तो हळूहळू खाली जातो. निदान एक पावसाळा जावा लागतो. माती पुरती बसली की मग चौथरा बांधतात आणि त्यावर नावाचा दगड. घाई केली तर दगड कलतो, नाहीतर मधोमध तडकतो. शिरूरच्या आमच्या कबरस्थानात मिशनच्या काळातले असे कललेले दगड बरेच आहेत. लहानपणी मला वाटायचं की ती माणसं एकमेकांच्या कानात काही सांगायला वाकली आहेत.

आमची मुलगी गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात गेली. नर्सिंग पूर्ण करून ती नोकरीला लागली होती. ताप आला, तो डोक्यात गेला, आणि संपलं. तिच्यामागे दोन पावसाळे झाले तरी तिच्या कबरीचा उंचवटा पहिल्या दिवशी होता तेवढाच होता. मंडळीतले लोक उपासना सुटल्यावर विचारायचे, "अजून बसली नाही का माती?" कुणीतरी वडीलधारं म्हणायचं, "काळी माती आहे, वेळ घेते." मी मान हलवायचो.

खरं कारण मला माहीत होतं. कॉलेजच्या ग्रंथालयातून एकदा लवकर सुटलो आणि घरी न जाता तिकडे वळलो, तेव्हा बायको कबरीपाशी बसलेली दिसली. शेजारी बाजाराची कापडी पिशवी होती. पिशवीतून ती ओंजळीने माती काढत होती, खचलेल्या जागी घालत होती आणि तळव्याने थापत होती. अंगणातल्या गुलाबाच्या वाफ्यातली माती होती ती, मी ओळखली. भाकरी थापावी तसा तिचा हात चालला होता. मी फाटकातूनच परत फिरलो. त्यानंतर वाफ्यातला खड्डा मोठा होत गेला, आणि आम्ही दोघांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

मला दगड हवा होता. माझं आयुष्य पुस्तकांच्या पाठीवर नावं चिकटवण्यात गेलं आहे. ज्या पुस्तकाच्या पाठीवर नाव नाही ते फडताळात असूनही हरवतं, हे मी रोज बघत आलो. ती तशी, बिननावाची, तिथे पडून आहे हे मला सहन होत नव्हतं. आणि बायकोला दगड नको होता. नको असं ती म्हणत नव्हती. ती फक्त माती बसू देत नव्हती.

हा तिढा माझ्या धाकट्या मेहुण्याने आपल्या पद्धतीने सोडवायचं ठरवलं. तो सणसवाडीला कारखान्यात सुपरवायझर आहे. जगातली बहुतेक दुःखं रिकाम्या पोटामुळे वाढतात असं त्याचं प्रामाणिक मत आहे.

बायकोचं माहेर दौंडचं. सासरे रेल्वेत होते. सासू-सासरे दोघंही गेले, क्वार्टर केव्हाच सुटली, पण नाताळच्या आधी एक दिवस दौंडला जाऊन खरेदी करायची रीत आम्ही ठेवली होती. कपडे तिथल्या ओळखीच्या दुकानातून, केक आणि नानकटाई तिथल्या बेकरीतून, आणि वाटेत राहूच्या बाजूला एका गुऱ्हाळावरून करंज्यांसाठी गूळ. आमच्या घरात करंजीचं सारण गुळाचंच. गेल्या वर्षी आम्ही गेलो नाही. माणूस गेल्यावर पहिल्या नाताळला घरात कढई चढवत नाहीत, फराळ लोक आणून देतात. डब्यांवर डबे आले आणि तसेच आम्ही ते पुढे वाटून टाकले.

या वर्षी मेहुणा सकाळीच गाडी घेऊन दारात उभा राहिला. शेजारी त्याची बायको, नवा ड्रेस घालून.

"अक्का, चल. दुसऱ्या वर्षी तळण करावंच लागतं. गूळ आणू, कपडे आणू, मटण खाऊ."

"तुम्ही जा. मी कशाला?"

"तू नसलीस तर दुकानदार मला फसवतो. मागं हिला घेतलेली साडी एका धुण्यात मच्छरदाणी झाली."

"मग तीच लावून झोपताय की अजून," त्याची बायको म्हणाली.

बायको हसली नाही, पण चपला घातल्या. गाडीत बसण्याआधी मेहुण्याने मला बाजूला घेतलं. "दाजी, दगडाचं मी बघतो. दौंडात कुरकुंभ रस्त्याला एक मार्बलवाला आहे. आधी जेवण, मग विषय. भरल्या पोटी अक्का नाही म्हणायची नाही."

"तिला माहीत आहे का आपण त्यासाठीही चाललोय?"

"मी सांगितलंय. ती काही बोलली नाही."

न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता, काही ठिकाणी तोडणी चालू होती, आणि मोळ्यांनी भरलेल्या ट्रॉल्यांमागून गाडी रांगत होती. न्हावऱ्याला मेहुण्याने मिसळ खाल्ली. त्याच्या बायकोने आधी नको म्हटलं आणि मग त्याच्या ताटलीतली निम्मी खाल्ली. माझी बायको बाकावर पाण्याचा पेला हातात धरून बसली होती. दुकानदाराने विचारलं, "ताई, तर्री जास्त होती का? साधी देऊ?" ती म्हणाली, "नको, छान आहे." तिने चमचाही उचलला नव्हता.

मला मिसळीची चव लागत होती, आणि त्याची लाज वाटत होती. ही लाज दीड वर्षं माझ्या प्रत्येक घासाबरोबर आहे. आपल्याला अजून मीठ कमी-जास्त कळतं, गरम चहा बरा वाटतो. शरीर किती निर्लज्ज असतं हे मला पुस्तकांनी कधी सांगितलं नव्हतं.

पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडली आणि राहूच्या अंगाला वळलो. गुऱ्हाळ रस्त्यालगतच आहे, धूर लांबूनच दिसतो. मोठ्या काहिलीत रस उकळत होता, खाली चुलवणात एक माणूस चिपाडं सारत होता. गोड, जरा करपट वास सगळ्या शिवारावर पसरला होता. तिथे गेलं की गरम गूळ उसाच्या पानावर देतात, हवा तेवढा खा. मुलगी लहान असताना घरून रताळी घेऊन यायची, मळक्या फडक्यात बांधून काहिलीत सोडायला लावायची आणि ती शिजेपर्यंत काहिलीपासून हलायची नाही. नोकरीला लागल्यावरही तिने रताळी सोडली नव्हती.

गुऱ्हाळाचे मालक म्हातारे आहेत. सगळे त्यांना आबा म्हणतात. खाटेवरून उठत त्यांनी हात वर केला.

"या मास्तर, या! गेल्या साली कुठं गायब झाला? म्या म्हनलं, दुसरं गुऱ्हाळ धरलं काय."

"नाही आबा. जमलं नाही."

"आन् पोरगी कुठं हाय? रताळंवाली?"

मेहुणा एकदम काहिलीकडे वळला आणि रस बघायला लागला. मी काय ते सांगायला तोंड उघडलं. त्याआधी बायको बोलली.

"नाही आली ह्या वेळी."

"का? लगीन झालं काय तिचं?"

"झालं," बायको म्हणाली.

"आता घ्या! आन् आमास्नी बोलावलं न्हाई व्हय? आमी काय जेवणावळ बुडवली असती का?" आबा मोठ्यांदा हसले. "कुठं दिली?"

"लांब."

"लांब म्हंजी? मुंबई?"

"त्याच्याही पलीकडं."

"हां, आता समद्या पोरी लांबच जात्यात. माझी नात बंगलोरला हाय. फोनवर दिसती तेवढीच. तुमच्या लेकीचा येतो का फोन?"

बायकोने पदर नीट केला. "तिकडं वेळ नाही मिळत तिला."

"सुखात हाय ना? मग बास." आबांनी आत हाक मारली आणि काकवीची बाटली आणायला लावली. "ही तिच्यासाठी. पैसं घेनार न्हाई, सांगून ठेवतो. कवा पाठवाल तवा पाठवा, काकवी नासत न्हाई. सासरी असली कुठली मिळायची तिला."

बायकोने दोन्ही हातांनी बाटली घेतली. म्हणाली, "सांगते तिला, आबांनी दिली म्हणून."

आम्ही गुळाची ढेप घेतली आणि निघालो. गाडी बरीच पुढे गेल्यावर मेहुण्याची बायको हळूच म्हणाली, "वन्सं, असं कसं हो सांगितलंत? कधीतरी कळेलच की त्यांना."

"कळेल तेव्हा कळेल. आज त्यांच्याकडं ती आहे. असू दे."

मला तिचा राग आला नाही, हेवा वाटला. जगात एक तरी माणूस असा होता ज्याच्या लेखी आमची मुलगी कुठेतरी स्वयंपाक करत होती, नवऱ्यावर चिडत होती, फोन करायला विसरत होती. मी खरं बोलणारा माणूस आहे. मला तिच्यासाठी एवढंसुद्धा करता आलं नसतं.

चौफुल्याला मेहुणा थांबणार होता, पण बायको म्हणाली, "आधी दौंड. येताना खा काय खायचं ते." तिने दिवसभरात पहिल्यांदा काही ठरवलं होतं, म्हणून कुणी वाद घातला नाही. पाटसवरून दौंडला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. बेकरीत चांदण्या आणि कापसाचा बर्फ लावून झाला होता. केकची ऑर्डर मेहुण्याच्या बायकोने दिली, नानकटाई तिनेच घेतली. कपड्यांच्या दुकानात मात्र माझी बायको पूर्वीसारखी गादीवर मांडी घालून बसली. तिने भावाच्या मुलांना कपडे घेतले, भावजयीला साडी घेतली. प्रत्येक कापड ती बोटांत चुरगाळून बघायची आणि उजेडात धरायची.

"बघ, पोत बघ ह्याचं," ती भावजयीला म्हणाली. "ही मच्छरदाणी नाही व्हायची."

मेहुणा माझ्याकडे बघून भुवया उडवत होता. अक्का रुळावर आली, असं त्याला म्हणायचं होतं.

"वन्सं, तुम्हाला एक घ्या ना."

"आहेत माझ्याकडं." तिने गाठोडं बांधायला सांगितलं, आणि ते बांधून होईपर्यंत दुकानाबाहेर बघत राहिली. मग कुणी विषय काढायच्या आतच म्हणाली, "चला. दगडाचं काय ते बघू."

मेहुणा गोंधळला. त्याच्या हिशेबात जेवण आधी होतं.

मार्बलवाल्याचं दुकान म्हणजे पत्र्याची शेड. बाहेर लाद्या उभ्या करून ठेवलेल्या, एका बाजूला स्वयंपाकाच्या ओट्याचे कापलेले तुकडे, वॉश बेसिनं, बंगल्यांच्या नावांच्या पाट्या. मालक राजस्थानकडचा, पण इथे बरीच वर्षं काढलेला. हिंदीत मराठी मिसळून बोलत होता. मेहुण्याने काय हवं ते सांगितल्यावर त्याने मोबाइल काढून नमुने दाखवायला सुरुवात केली. क्रूस, उघडलेलं पुस्तक, पंखवाली बाई, फुलं.

"फोटो भी लगता है साहेब. लेझरने करतो. एकदम जिवंत वाटतं."

"फोटो नको," मी म्हणालो.

बायको नमुने बघत नव्हती. ती काळ्या ग्रॅनाइटच्या एका लादीवरून तळवा फिरवत होती.

"हा ओट्याला लावतात तोच ना?"

"वही है ताई. ओट्यालाही हाच, कबरीलाही हाच. तेल सांडलं तरी डाग नाही पडत."

"पुसायला बरा असतो," ती म्हणाली. "आमच्या ओट्याला आहे."

"तर मग हाच धरू ना, अक्का?" मेहुण्याने घाईने विचारलं. ती हो म्हणाली. मालकाने माप विचारलं, ते मी सांगितलं. मग त्याने हातातला टेप गुंडाळत सहज विचारलं, "मिट्टी बैठ गयी ना? पुरी बसली असेल तरच लावतो. नंतर दगड तडकला तर माझी जबाबदारी नाही."

मेहुणा माझ्याकडे बघायला लागला. मी नाही म्हणणार होतो. मला माहीत होतं, उंचवटा अजून तसाच होता, गेल्याच आठवड्यात वाफ्यातून ताजी माती गेलेली होती. मला दगड हवा होता, आणि त्या क्षणी मला कळलं की मी नाही म्हणणार आहे. मला आणखी एक पावसाळा हवा होता. मला वाटलं होतं की आम्ही दोघं विरुद्ध बाजूंना उभे आहोत. तसं नव्हतं. ती माती घालत होती म्हणूनच मला दगड मागत राहता येत होतं.

पण बायको म्हणाली, "बसली."

"पक्की?"

"बसली म्हणते ना." मग ती माझ्याकडे वळली. त्या दिवसात पहिल्यांदाच तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "आता भर घालणार नाही मी. वाफा रिकामा झालाय."

म्हणजे मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं.

"कसली भर? कुठला वाफा?" मेहुण्याने विचारलं. त्याच्या बायकोने त्याचा हात दाबला.

मालकाने मला कागद दिला. मी मुलीचं नाव लिहिलं, जन्माची तारीख, मृत्यूची तारीख. अक्षर चांगलं काढलं. कार्डांवर काढायची सवय आहे तसं, सुटं आणि उभं. मेहुणा म्हणाला, "खाली एखादं वचन घाला ना दाजी, पाळकसाहेब सुचवतील," आणि मी बायकोकडे पाहिलं.

"नाव पुरे," ती म्हणाली.

येताना चौफुल्याला थांबलो. मटणाचं ताट आलं आणि बायको जेवली. खरोखर जेवली. भाकरी कुस्करून रस्सा ओतला, कांदा मागून घेतला, दुसरी भाकरी घेतली. कामावरून आलेली बाई जेवते तशी मान खाली घालून, न बोलता. मेहुण्याला आनंद आवरेना. हात धुताना तो मला म्हणाला, "बघा दाजी! मी काय म्हणत होतो? बाहेर काढायचीच खोटी होती." मी हो म्हणालो. काय सांगणार होतो त्याला? दीड वर्षं त्या बाईला एक काम होतं. खचलं की भरायचं. आज तिने ते काम संपवलं होतं आणि तिला भूक लागली होती. माझ्या ताटातली भाकरी तशीच राहिली.

न्हावऱ्याच्या अलीकडे ती झोपली. डोकं खिडकीला टेकलेलं, तोंड किंचित उघडं. खड्ड्यातून गाडी आपटली तरी जागी झाली नाही.

नाताळच्या आधीच टेम्पोतून दगड आला. गवंड्याने उंचवटा फावड्याने खाली घेतला. जास्तीची माती घमेल्यात भरून भिंतीकडेला टाकायला लागला आणि मध्येच थांबून म्हणाला, "सायेब, ही वरची माती येगळीच दिसती. इथली न्हाई." मी म्हणालो, "असेल." दुपारपर्यंत चौथरा झाला, दुसऱ्या दिवशी दगड बसला. सरळ बसला आहे.

नाताळच्या आदल्या दिवशी मंडळीतली सगळी घरं कबरस्थानात जातात. कबरी झाडतात, चुना देतात, फुलं ठेवतात. आमच्या घरात कढई चढलेली होती. बायको करंज्या तळत होती, शेजारच्या दोघीजणी मदतीला बसल्या होत्या. त्यांच्यातली एक मला दारातच म्हणाली, "बरं वाटलं बघून. सावरल्या आता." मी आत जाऊन बायकोला म्हणालो, "चल, जाऊन येऊ. मेणबत्त्या घेतल्यात मी."

तिने झाऱ्यावरची करंजी परातीत उतरवली. "तुम्ही या जाऊन."

"तू अजून दगड पाहिला नाहीस."

"तुम्ही पाहिलात ना? नाव बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"मग झालं. तिथं आता माझं काय काम?"

आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. तिने पुढची करंजी तेलात सोडली.

त्यानंतर ती तिकडे गेलेली नाही. मी जातो, ग्रंथालयातून सुटल्यावर, आठवड्यातून एकदा-दोनदा. पान पडलेलं असेल तर उचलतो. काळ्या दगडावर धूळ लगेच दिसते, ती रुमालाने पुसतो. मग नाव वाचतो. आमच्या लेकीचं नाव आहे, वाचायला फार वेळ लागत नाही. वाचून झालं की तिथे उभं राहायला काही कारण उरत नाही.